तेलाचं गाव बाकू : पाहावं काय, वगळावं काय?

मैत्रिणींनो, परदेशच्या सहलीचा विषय घरात निघाला की सिंगापूर, दुबई, फार तर स्वित्झर्लंड, एवढीच नावं पुढे येतात. बाकू हे नाव कुणी घेत नाही. घेतलंच तर "तिथे काय आहे? तेलाच्या विहिरीच ना?" असं म्हणून विषय संपतो. पण माझ्या नणंदेचे यजमान तेलाच्या धंद्यातले इंजिनिअर. त्यांचा मुक्काम तीन वर्षं बाकूत होता. राहण्याची सोय घरचीच, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरात आम्ही दोघं, दोन्ही मुलं आणि सासूबाई असे पाचजण तिथे नऊ दिवस राहून आलो.

निघण्यापूर्वी आमच्या ह्यांनी एका सहल कंपनीचं छापील पत्रक आणलं होतं. त्यात चार दिवसांत तीन मोठ्या बाजारपेठा, रात्री रोषणाई आणि एक दिवस 'मोकळा' असा कार्यक्रम होता. ते पाहून नणंदबाई फोनवर हसल्या. म्हणाल्या, "वहिनी, ते पत्रक घरीच ठेवा. दुकानं आपल्याकडे कमी आहेत का? इथे बायकांनी बघावं असं वेगळंच आहे."

त्यांनी जे दाखवलं तेच आज तुम्हांला सांगते. जाणं होवो न होवो, तेलाच्या पैशाने एक शहर कसं उभं राहिलं आणि त्यातलं पुढे काय टिकलं, हे आपल्यासारख्या घर चालवणाऱ्या बायकांनी जाणून घ्यावं असं आहे.

गाव कुठे, कसं?

अझरबैजान हा देश इराणच्या वर आणि रशियाच्या खाली, कॅस्पियन समुद्राच्या पश्चिम काठाला आहे. १९९१ पर्यंत तो सोव्हिएत संघात होता. बाकू ही त्याची राजधानी. कॅस्पियनला समुद्र म्हणतात खरं, पण चारी बाजूंनी जमीन असलेलं ते जगातलं सर्वांत मोठं सरोवरच आहे. त्याचं पाणी महासागराच्या पातळीपेक्षा सुमारे २८ मीटर खाली. त्यामुळे जगातल्या सर्व देशांच्या राजधान्यांत सर्वांत सखल ती बाकूच.

आणि वारा! असा वारा मी कोकणातही पाहिलेला नाही. तिथल्या लोकांनी वाऱ्यांना नावं ठेवली आहेत. उत्तरेकडून येतो तो थंड खझरी, दक्षिणेकडून येतो तो उबदार गिलावार. साडी नेसणार असाल तर पदराला दोन पिना जास्त लावा. मी दुसऱ्या दिवसापासून पंजाबी ड्रेस आणि डोक्याला रुमाल असाच वेष ठेवला. सासूबाईंनी मात्र नऊवारीच नेसली, आणि रस्त्यातल्या बायका कौतुकाने थांबून बघत होत्या.

थोडं तेलाविषयी

बाकूच्या आसपास तेल जमिनीच्या इतकं वर आहे, की पूर्वी लोक हाताने खड्डे खणून ते काढत, पखालींत भरत आणि उंटांवर लादून विकायला नेत. १८४६ साली बीबी-हेबत या भागात यंत्राने भोक पाडून २१ मीटर खोलीची विहीर घेतली गेली. अमेरिकेतली पेनसिल्व्हेनियाची प्रसिद्ध विहीर १८५९ ची, म्हणजे बाकूच्या नंतरची. आज त्या जागी छोटं स्मारक आहे. तेवढं पाहून पुढे निघावं, फार वेळ लागत नाही.

१८७२ साली रशियन सरकारने तेलाच्या जमिनी लिलावात काढल्या आणि जगभरचे लोक नशीब काढायला इथे धावले. नोबेल पारितोषिकवाल्या आल्फ्रेड नोबेलचा थोरला भाऊ रॉबर्ट १८७३ साली आला तो बंदुकांच्या दस्त्यांसाठी अक्रोडाचं लाकूड खरेदी करायला. लाकूड राहिलं बाजूला, हातातल्या पैशांत त्याने तेल शुद्ध करायचा कारखानाच घेतला! त्यातून नोबेल बंधूंची कंपनी वाढली. १९०१ च्या सुमारास जगातलं निम्म्याहून जास्त तेल एकट्या बाकूतून निघत होतं. त्या कंपनीच्या अधिकाऱ्यांसाठी बांधलेली 'व्हिला पेट्रोलिया' ही बागेतली वसाहत आणि तिथलं नोबेल संग्रहालय पाहता येतं. मुलं जरा मोठी असतील तर जरूर न्या.

तेल आता समुद्रातूनही निघतं. १९४९ साली कॅस्पियनच्या मध्ये खांबांवर रस्ते आणि घरं उभारून तेलाचं एक गावच वसवलं. ते सहज पाहायला मिळत नाही, पण ऐकून आपल्याला मुंबई हायची आठवण होते. तिथे तेल लागलं ते १९७४ साली. शिवाय बाकूसमोरच्या मोठ्या तेलक्षेत्रात ओएनजीसी विदेश या आपल्या सरकारी कंपनीचाही २०१३ पासून थोडा वाटा आहे.

तेल होतं, पाणी नव्हतं

आता खरी गोष्ट सांगते. ज्या गावात तेलाची कारंजी उडत होती, त्या गावात प्यायला गोडं पाणी नव्हतं. समुद्र खारट, विहिरींचं पाणी मचूळ. उन्हाळ्यात नळाची वाट बघत रात्र रात्र जागलेल्या आपल्यासारखीला हे वेगळं समजवायला नको. नोबेलची तेलवाहू जहाजं वोल्गा नदीकडे तेल घेऊन जात आणि परत येताना गोडं पाणी भरून आणत. त्या पाण्यावर त्यांची बाग वाढली. ज्यांच्याकडे जहाजं नव्हती, त्यांच्या बायकांनी काय केलं असेल याचा विचार आपणच करावा.

शेवटी उत्तरेकडच्या डोंगरांच्या पायथ्याचं शोल्लारचं पाणी शंभर मैलांहून लांबून नळाने आणायचं ठरलं. विल्यम लिंडली नावाच्या इंग्रज इंजिनिअरने योजना आखली. वर्षानुवर्षं काम चाललं आणि १९१७ साली ते पाणी बाकूत पोचलं. या कामामागे ज्यांनी जोर लावला, त्यांत झेयनलाबदीन तागीयेव हे नाव पहिलं घेतात. हे नाव लक्षात ठेवा, कारण बाकूत जिथे जाल तिथे ते भेटतं.

चांभाराचा मुलगा आणि मुलींची शाळा

तागीयेव हा गरीब चांभाराचा मुलगा. लहानपणीच गवंड्याच्या हाताखाली कामाला लागला. शाळेचं तोंड पाहिलं नाही. पुढे भागीदारीत तेलाची जमीन घेतली. बरीच वर्षं तेल लागेना तेव्हा कंटाळून भागीदारांनी आपले हिस्से त्यालाच विकले आणि मग तेलाचं कारंजं उडालं, असं सांगतात. त्या पैशातून त्याने गिरणी काढली, नाटकगृह बांधलं, आणि आपल्याला महत्त्वाचं म्हणजे मुलींची शाळा काढली.

ही शाळा १९०१ साली सुरू झाली. रशियाच्या राज्यात मुसलमान मुलींसाठी अशी आधुनिक शाळा त्यापूर्वी नव्हती. परवानगीसाठी झारच्या सरकारकडे अर्जविनंत्या कराव्या लागल्या, म्हणून शाळेला राणी अलेक्सांद्राचं नाव दिलं. सरकार वळलं, पण गावातली कर्मठ माणसं वळेनात. "मुली लिहायला शिकल्या तर परपुरुषांना पत्रं लिहितील" ही भीती फक्त आपल्याच आज्या-पणज्यांच्या वाट्याला आली असं नाही! तागीयेवने मोठमोठ्या धर्मपंडितांकडे माणूस पाठवून, मुलींना शिकवणं धर्माविरुद्ध नाही असं त्यांच्याकडून लिहून आणलं, अशी हकीकत तिथे सांगतात. हनीफा मलिकोवा या शाळेच्या पहिल्या मुख्याध्यापिका. मुली शाळेतच राहत. लिहिणं-वाचणं, हिशेब यांच्या जोडीला शिवण-टिपण आणि घरकामही शिकवत.

जुन्या कोटाच्या भिंतीला लागूनच्या इस्तिग्लालियत रस्त्यावर ही देखणी दगडी इमारत आजही उभी आहे. तिथे आता हस्तलिखितांची संशोधन संस्था आहे. मी स्वतः अर्धवेळ का होईना पण शिक्षिका, त्यामुळे त्या दारासमोर बराच वेळ उभी राहिले. ज्याला स्वतःला शिकता आलं नाही त्याने मुलींच्या शिक्षणावर पैसा घालावा, याला मोठं मन लागतं. आपल्या वर्गातल्या हुशार मुलीला 'आता पुरे' म्हणून दहावीनंतर घरी बसवणारे शिकलेले बापही मी पाहिले आहेत.

तागीयेवचा स्वतःचा वाडा म्हणजे आजचं राष्ट्रीय इतिहास संग्रहालय. त्यासाठी अर्धा दिवस ठेवा. दिवाणखाने, मालकीणबाईंची आरशांची खोली आणि छतावरची सोनेरी नक्षी बघताना मान दुखते. १९२० साली बोल्शेविक आले आणि वाडा, गिरणी, तेल सगळं सरकारजमा झालं. १९२४ साली गावाबाहेरच्या मर्दाकान येथील घरात तागीयेव वारला. तोपर्यंत त्याची संपत्ती गेली होती. शाळेत शिकून गेलेल्या मुलींची विद्या मात्र कुणाला जप्त करता आली नाही.

त्याच्याच नाटकगृहात १९०८ साली 'लेयली आणि मेजनून' हा अझरबैजानी भाषेतला पहिला ऑपेरा झाला. नायिकेचं काम केलं कुणी? चहाच्या दुकानातल्या एका मुलाने! बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला याचं नवल वाटणार नाही. १९१२ साली शोवकेत मामेदोवा ही गायिका रंगमंचावर आली, तेव्हा प्रेक्षकांतून इतका गोंधळ झाला की तिला तिथून पळ काढावा लागला. पुढे हीच बाई नामांकित गायिका झाली.

सुखाचा वाडा

मुर्तुझा मुख्तारोव या दुसऱ्या तेलसम्राटाने आपली पत्नी लिझा हिच्यासाठी १९११-१२ साली व्हेनिसच्या धर्तीवर एक वाडा बांधला. बाहेरून पाहिलात तरी पुरे, इतका सुंदर. पण त्यात सुख फार दिवस नांदलं नाही. १९२० साली लाल सैनिक वाड्यात घुसले तेव्हा मुख्तारोवने स्वतःवर गोळी झाडून घेतली. नंतर याच वाड्यात बायकांचा क्लब भरू लागला. बुरखा टाकलेल्या किंवा टाकू पाहणाऱ्या बायका तिथे लिहायला-वाचायला आणि शिवणकाम शिकायला येत. पुढे तिथे लग्नं नोंदवली जाऊ लागली, म्हणून त्याला 'सुखाचा वाडा' असं नाव पडलं.

वाटेत एका चौकात अंगावरचा बुरखा दूर करणाऱ्या स्त्रीचा पुतळा लागतो. तो १९६० सालचा, शिल्पकार फुआद अब्दुरहमानोव. सासूबाई त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "अगं, हिने तर उभ्या उभ्या टाकला. आम्हांला डोक्यावरचा पदर खांद्यावर घ्यायला वीस वर्षं लागली." आणखी एक लक्षात ठेवा : १९१८ ते १९२० एवढंच टिकलेल्या अझरबैजानच्या पहिल्या प्रजासत्ताकाने बायकांना मतदानाचा हक्क दिला होता.

निझामी साहित्य संग्रहालयाच्या दर्शनी भागावर सहा साहित्यिकांचे पुतळे आहेत, त्यांत एकच बाई आहे. ही खुर्शीदबानू नातवान, काराबाखच्या राजघराण्यातली कवयित्री. तिने १८७३ साली शुशा या डोंगरी गावात पिण्याचं पाणी आणलं. कविता करणाऱ्या बाईलाही आधी पाणीच सुचलं!

सुराखानीचं ज्वालाजी

आता ज्या जागेसाठी मी पुन्हा बाकूला जाईन ती जागा सांगते. गावापासून मोटारीने अर्ध्या-पाऊण तासावर सुराखानी नावाच्या वस्तीत 'आतेशगाह' म्हणजे अग्निमंदिर आहे. जमिनीतून निघणाऱ्या वायूमुळे इथे आपोआप ज्योत पेटलेली असे. पंचकोनी अंगण, भोवती छोट्या छोट्या खोल्या आणि मधोमध चार खांबांची घुमटी. उत्तर हिंदुस्थानातून, मुलतान-पंजाबकडून, व्यापारी आणि साधू इथवर येत आणि या ज्योतीला ज्वालाजी म्हणून पुजत.

खोल्यांच्या दारांवर शिलालेख आहेत. बहुतेक देवनागरीत, काही गुरुमुखीत आणि एक फारसीत. मुलं पुढे पळाली होती. सासूबाई गुडघ्यांमुळे सावकाश येत होत्या. एका दारापाशी त्या थांबल्या, चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचू लागल्या, "श्री गणेशाय नमः!" तिथला मार्गदर्शक तरुण चकित झाला. त्याने रोज दाखवलेली ती अक्षरं त्याला स्वतःला वाचता येत नव्हती. सासूबाईंनी त्याला 'संवत १८०२' सुद्धा वाचून दाखवलं. म्हणजे इसवी सन १७४५-४६. चौथी शिकलेल्या आमच्या सासूबाई त्या दिवशी आमच्या सगळ्यांच्या गुरू झाल्या.

ही जागा पारशांची की हिंदूंची, असा वाद पुष्कळ दिवस होता. मुंबईचे पारशी विद्वान जीवनजी जमशेदजी मोदी १९२५ साली मुद्दाम इथे येऊन गेले आणि पाहून त्यांनी सांगितलं की, हे आमचं अग्यारी-मंदिर नव्हे, हे हिंदूंचंच देऊळ आहे.

पण ज्वालाजीचंही तेलापुढे चाललं नाही. १८५० नंतरच्या दशकांत शेजारी रॉकेलचे कारखाने उभे राहिले, आणि हळूहळू साधूही निघून गेले. जमिनीतला वायू उपसला गेल्यामुळे १९६९ साली ती नैसर्गिक ज्योत विझली. आज जी जळते ती नळाने आणलेल्या वायूवर. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या शेगडीसारखीच! हे कळल्यावर मुलगी हिरमुसली. मी तिला म्हटलं, "जे हजारो वर्षं आपोआप मिळतं असं वाटतं, तेही उपसून संपतं. हे डोळ्यांनी पाहायला मिळालं ना?"

जळता डोंगर आणि उकळता चिखल

खरी, न विझलेली आग पाहायची असेल तर 'यानार दाग' म्हणजे जळता डोंगर पाहा. टेकडीच्या पायथ्याशी सुमारे दहा मीटर लांबीची ज्वाळांची रांग रात्रंदिवस जळत असते. दिवसा गेलात तर फारसं काही वाटणार नाही, संध्याकाळी अंधार पडताना जा. मुलांचा हात मात्र सोडू नका.

दुसऱ्या एका दिवशी सकाळी लवकर निघून गोबुस्तानला जा. बाकूच्या दक्षिणेला सुमारे ६० किलोमीटर. तिथल्या खडकांवर आदिमानवाने कोरलेली ६ हजारांहून जास्त चित्रं आहेत. माणसं, बैल, होड्या, फेर धरून नाचणारी मंडळी. २००७ साली युनेस्कोने ही जागा जागतिक वारशात घेतली. फेर धरणाऱ्या आकृत्या बघून मला भोंडला आठवला.

जवळच चिखलाचे ज्वालामुखी आहेत. अझरबैजानात असे साडेतीनशेच्या वर आहेत, जगात एका देशात इतके क्वचितच. नाव ऐकून घाबरू नका. छोट्या छोट्या वारुळांसारख्या ढिगांतून थंडगार करडा चिखल 'बुडुक बुडुक' करत वर येतो, जणू पिठलं रटरटतंय. रस्ता खडबडीत, त्यामुळे तिथल्या जुन्या मोटारी कराव्या लागतात. भाडं बसण्यापूर्वीच ठरवा. जुन्या चपला घाला. हा चिखल कपड्यावर वाळला की निघता निघत नाही. वाळू द्यावा, झटकावा आणि मगच थंड पाण्यात भिजत घालावा.

जुना कोट आणि मुलीचा बुरूज

'इचेरीशेहेर' म्हणजे आतलं शहर, कोटाच्या भिंतीतलं. २००० सालापासून तेही जागतिक वारशात आहे. अरुंद बोळ, लाकडी सज्जे, उन्हात निजलेली मांजरं. इथे पायीच फिरावं. शिर्वानशहांचा पंधराव्या शतकातला राजवाडा आहे, आणि मुलतानी व्यापारी उतरत ती 'मुलतानी सराई' आहे. ज्वालाजीचे यात्रेकरू इकडे कसे आले याचा उलगडा इथे होतो. धर्माच्या आधी व्यापाराने वाट पाडली होती.

समुद्राच्या बाजूला 'गिझ गालासी' म्हणजे मुलीचा बुरूज. साधारण बाराव्या शतकातला, सुमारे २९ मीटर उंच आणि खाली पाच मीटर जाडीच्या भिंती. बापाने मनाविरुद्ध लग्न ठरवलं म्हणून राजकन्येने इथून उडी घेतली, अशी दंतकथा आहे. बुरूज कशासाठी बांधला याबद्दल विद्वानांचं एकमत नाही. आत खोल विहीर मात्र आहे. पायऱ्या उंच आणि अरुंद, गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच चहा घेत बसावं. सासूबाईंनी तेच केलं.

नवी बांधणी पाहायची तर दोन ठिकाणं पुरेत. ज्वाळेच्या आकाराचे तीन उंच मनोरे रात्री समुद्राकाठच्या बुलेवारवरून फुकट दिसतात, त्यांच्यासाठी तिकीट काढून कुठे जायला नको. दुसरं हेदर अलीयेव केंद्र. पांढऱ्या लाटेसारखी ही इमारत बगदादला जन्मलेल्या झाहा हदीद या बाईने रचली. २०१२ साली ती उघडली आणि २०१४ साली तिला लंडनच्या डिझाइन म्युझियमचा वर्षातला सर्वोच्च मान मिळाला. तो मिळवणारी हदीद ही पहिली स्त्री.

गालिच्यांचं घर

बुलेवारवर गुंडाळलेल्या गालिच्याच्या आकाराची एक इमारत आहे, ते गालिचा संग्रहालय. संस्था १९६७ ची, ही इमारत २०१४ ची. विणकर बायका मागावर बसून गाठी मारताना दिसतात. माझी दोन तास तिथून हलायची इच्छा नव्हती. एकेक गाठ बोटांनी, आणि नमुना डोक्यात! अझरबैजानची गालिचा विणण्याची ही कला २०१० साली युनेस्कोच्या यादीत गेली.

गालिचा घ्यायचा मोह होईल. घ्यायचा तर दुकानदाराकडून देशाबाहेर नेण्याच्या परवानगीचा कागद आधी मागा, नाहीतर विमानतळावर अडचण येते. आम्ही घेतला तो हातभर लांबीचा. देवघरापुढे आसन म्हणून छान बसला.

खाणं-पिणं, आणि एक सोपी कृती

शाकाहारी माणसाचं होतं का? होतं, पण विचारावं लागतं. 'अत्सिझ' म्हणजे मांसाशिवाय, हा एक शब्द पाठ करा. पालेभाजी भरून तव्यावर भाजलेली अर्धचंद्राकार 'गुताब' म्हणजे पातळ पराठाच. केशरी भात तर घरोघरी. चहा मिळतो पेरूसारख्या आकाराच्या कमरेत बारीक काचपात्रात, बिनदुधाचा, आणि बरोबर वाटीत 'मुरब्बा'. आपला मुरांबाच तो! दुकान, बाजार, मैदान, शहर, शरबत हे शब्दही तिथे थोड्या फरकाने तेच. मुलांनी वहीत असे शब्द गोळा करायचा खेळच लावला.

'दोवगा' नावाची तिथली कढी मी नणंदबाईंकडून शिकून घेतली. अर्धा लिटर दह्यात एक चमचा मैदा घालून चांगलं घुसळा. दोन वाट्या पाणी आणि दोन मोठे चमचे धुतलेले तांदूळ घाला. मंद आचेवर ठेवा आणि तांदूळ शिजेपर्यंत ढवळत राहा. हात थांबला की दही फाटलंच समजा. मग मूठ मूठ बारीक चिरलेला शेपू, पुदिना आणि कोथिंबीर घालून पाच मिनिटं उकळा. झाकण ठेवू नका. मीठ अगदी शेवटी, पातेलं खाली उतरवल्यावर. तिथे काहीजणी अंडंही घालतात, न घालताही छान होते. उन्हाळ्यात गार, थंडीत गरम प्या. शेपूला नाक मुरडणारा आमचा मुलगा ही कढी दोनदा मागून घेतो.

जाण्यापूर्वी

एक गोष्ट स्पष्ट सांगते. २०२५ च्या मे महिन्यातल्या भारत-पाकिस्तान संघर्षात अझरबैजानने पाकिस्तानची बाजू घेतली आणि आपल्याकडच्या पुष्कळ लोकांनी तिथल्या सहली रद्द केल्या. जावं की न जावं हे ज्याच्या त्याच्या घरी ठरवावं. ठरलंच, तर व्हिसाचे आणि विमानांचे नियम नव्याने पाहून घ्या, ऐकीव माहितीवर विसंबू नका.

जुलै-ऑगस्टात ऊन फार. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बरे. गावात फिरायला १९६७ पासूनची भुयारी रेल्वे आहे, स्वस्त आणि स्वच्छ. फिरते जिने खोल आणि वेगाचे, म्हाताऱ्या माणसांचा हात धरा. पाच दिवस हाताशी असतील तर एक दिवस जुना कोट आणि मुलींची शाळा, एक दिवस तागीयेवचा वाडा आणि गालिचे, एक दिवस ज्वालाजी आणि जळता डोंगर, एक दिवस गोबुस्तान, आणि एक दिवस नुसतं समुद्रकाठी बसणं, अशी वाटणी करा. बाजारपेठा वगळल्यात तर काही बिघडणार नाही.

आणि मैत्रिणींनो, घरच्या सहलीचा कार्यक्रम आपणही ठरवावा. तिकिटं काढणं, पैशाचा हिशेब हे पुरुषांनी करावं आणि आपण डबे भरून मागून जावं, ही पद्धत आता पुरे झाली. नकाशा समोर घ्या, दोन संध्याकाळी वाचन करा आणि 'मला हे पाहायचं आहे' असं सांगा.

बाकूतून किती तेल गेलं त्याची मोजदाद नाही. ज्यांनी ते काढलं त्यांचे वाडे दुसऱ्यांचे झाले, ज्वालाजीची ज्योतही विझली. राहिलं काय? शंभर मैलांवरून आणलेलं पाणी, जे आजही बाकूच्या घरांत येतं, आणि शिकलेल्या मुलींच्या लेकी-नाती. आपल्या घरी तेलाची विहीर नाही, महिन्याच्या पगारात सगळं भागवायचं असतं. पण त्यातलेही चार पैसे कुठे घातले तर टिकतील, याचं उत्तर मला तरी त्या शाळेच्या दारात मिळालं. परत आल्यावर गालिच्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतले जे उरले होते, ते मी मुलीच्या नावाने पोस्टात टाकले.